सत्काराच्या घाईत उतरलेलं विमान

पिंप्राळ्यात प्रशील सुरवाडेला सगळे ‘कॅप्टन’ म्हणत, आणि त्या हाकेला ओ देताना प्रशीलला दर वेळी थोडं चोरट्यासारखं वाटे. गल्लीची समजूत अशी होती की चिंधा आबांचा हा मुलगा दोनशे माणसं बसवून विमान दुबईला नेतो. खरं तर तो धुळ्याजवळच्या एका खासगी शाळेत पोरांना विमान चालवायला शिकवायचा. विमान चार आसनांचं, पुढे एकच पंखा, आणि उन्हाळ्यात शेजारी बसलेला विद्यार्थी निम्म्या वेळा ओकायचा. गल्लीचा गैरसमज दूर करावा असं त्याच्या अनेकदा मनात आलं होतं. पण मनात यायचं आणि निघून जायचं.

बारा वर्षांत त्याच्या हाताखालची कितीतरी पोरं मोठ्या कंपन्यांत लागली. कुणी दोह्याहून फोटो पाठवी, कुणी कोलकात्याहून, खाली ‘सर, तुमच्यामुळे’ असं लिहून. प्रशील ते फोटो बायकोला दाखवी. दीपमाला पिंप्राळ्यातल्याच शाळेत गणित शिकवायची. ती एकदा म्हणाली, “माझेही विद्यार्थी इंजिनिअर झालेत. म्हणून मी पूल बांधते असं सांगत फिरत नाही.”

स्वतः प्रशीलने मोठ्या कंपनीच्या तीन मुलाखती दिल्या होत्या. दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा निकाल लागायच्या आत कंपनीच बंद पडली. त्यानंतर ‘मला शिकवण्यातच आनंद आहे’ हे वाक्य त्याने इतक्या जणांना ऐकवलं, की अलीकडे त्याला ते खरंही वाटू लागलं होतं.

शिकवण्यात तो चांगला होता, हे मात्र खोटं नव्हतं. त्यातही एका गोष्टीसाठी तो शाळेत प्रसिद्ध होता. विमान उतरवताना काही बिनसलं, उंची जास्त झाली, वेग वाढला, वारा पाठीमागून लागला, तर हट्टाने चाकं टेकवायची नाहीत. इंजिनाला पुन्हा जोर द्यायचा, वर जायचं, एक फेरी मारून नव्याने यायचं. वैमानिक याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. प्रशील दर तुकडीला यावर तासभर बोलायचा. फळ्यावर धावपट्टी काढायचा, खडू आपटायचा आणि म्हणायचा, “वर जायला लाजू नका. माणसाची फजिती नेहमी जमिनीवर होते.” हे वाक्य सुचलं तेव्हा त्याने ते डायरीत लिहून ठेवलं होतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पिंप्राळ्याच्या बुद्ध विहारात दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव ठरला. प्रमुख पाहुणे म्हणून तरुण मंडळाने ‘कॅप्टन प्रशील’ यांना बोलावलं. सत्कार, आणि मग मुलांना मार्गदर्शन. विषय ‘वेळेचे नियोजन’. कार्यक्रम संध्याकाळी साडेसातला. आबांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं. आबा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. एकतीस वर्षं बहुतेक यावलच्या बाजूला गाडी चालवली. मुलाकडे त्यांनी आजवर काही मागितलं नव्हतं. “वेळेवर ये,” एवढंच म्हणाले.

प्रशीलचा हिशेब पक्का होता. दुपारी तीन चाळीसला विद्यार्थिनीला घेऊन धुळ्याहून उडायचं, जळगावला चाकं टेकवून लगेच पुन्हा वर यायचं आणि पाचच्या आत परत. सव्वापाचला मोटारीत बसला की पारोळा, एरंडोल करत सव्वासातला घरी. कपडे बदलायला पंधरा मिनिटं.

विद्यार्थिनी होती पलक छाजेड. धरणगावच्या प्रकाशचंद छाजेडांची मुलगी. त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान, घरातली पलक ही पहिली मुलगी जी दुकानाच्या गल्ल्यावर न बसता विमानात बसली. वीस वर्षांची, बोलायला हळू, पण लिहून घ्यायला अशी पटाईत की प्रशीलसर खोकले तरी वहीत नोंद व्हावी.

साडेतीनला दोघं विमानापाशी पोचली आणि प्रशीलच्या मोबाईलवर बॅनरचा फोटो आला. मंडळाच्या स्वप्नीलने मोठ्या हौसेने पाठवला होता. फोटोत प्रशील छान दिसत होता. खाली नाव होतं, ‘कॅप्टन प्रशिल’. शि ऱ्हस्व.

एका वेलांटीसाठी माणूस किती वेळ फोनवर बोलू शकतो? प्रशील पंचवीस मिनिटं बोलला. आधी स्वप्नीलशी, मग छापणाऱ्याशी, मग पुन्हा स्वप्नीलशी. “अरे, शील म्हणजे काय ते मुलांना कळायला नको का?” असंही तो एकदा म्हणाला. पलक पंख्याजवळ उन्हात वही घेऊन उभी होती. शेवटी छापणारा म्हणाला, वरून पट्टी चिकटवून देतो. प्रशीलचं समाधान झालं. विमान उडालं तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

जळगावपर्यंत सगळं सुरळीत झालं. पलकने चाकं हलकेच टेकवली, पुन्हा उचलली आणि विमान धुळ्याकडे वळवलं. खाली वेचणी उरकत आलेली कपाशीची शेतं होती, मधूनच पांढरे ठिपके. प्रशील एकीकडे खिडकीतून बघत होता आणि मनातल्या मनात भाषणाची सुरुवात जुळवत होता. ‘मित्रांनो, वेळ ही...’ इथवर आलं की पुढचं सुचेना. पारोळा मागे पडलं तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं. पाच वाजून तेरा मिनिटं.

शाळेचा नियम होता की सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी चाकं जमिनीवर हवीत. धावपट्टीवर दिवे नव्हते. त्या दिवशी ही वेळ येत होती पाच पंचवीस. उशीर झाला तर लेखी खुलासा द्यावा लागे. खुलासा लिहायचा म्हणजे आणखी अर्धा तास, आणि सत्कार गेला.

धुळे दिसू लागलं. प्रशीलने रेडिओवर विचारणा केली. खाली रेडिओवर गिरधर असे. वीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेला, मोजकं बोलणारा माणूस.

“वारा पूर्वेकडून, दहा नॉट,” गिरधर म्हणाला.

याचा अर्थ सरळ होता. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचं. वारा पूर्वेकडून, म्हणजे धावपट्टी ओलांडून पश्चिमेला जायचं, वळायचं आणि पूर्वेकडे तोंड करून उतरायचं. याला सहा-सात मिनिटं लागणार. पण ती दोघं तर पूर्वेकडूनच येत होती. समोर नाकासमोर धावपट्टी दिसत होती. सरळ उतरलं तर तीन मिनिटांत खाली.

“सरळ येतोय,” प्रशील रेडिओवर म्हणाला.

क्षणभर खरखर झाली. “सर, वारा मागून लागेल.”

“माहितेय, गिरधर.”

आणि त्याला खरोखर माहीत होतं. तीच तर गंमत. मागून वारा असला की विमान जमिनीवरून जास्त वेगाने धावतं, टेकायला जास्त जागा घेतं, थांबायला त्याहून जास्त. हे तो फळ्यावर काढून दाखवायचा, लाल खडूने.

त्याने पलककडून विमान आपल्या हातात घेतलं. “कंट्रोल माझ्याकडे.”

“कंट्रोल तुमच्याकडे, सर.”

विमान उंच होतं. त्याने नाक खाली घातलं, तसा वेग वाढला. वेग आटोक्यात आणावा तर उंची उरायची. समोर सूर्य टेकायला आलेला, नेमका डोळ्यांत. धावपट्टी म्हणजे नुसती चकाकणारी पट्टी दिसत होती, तिची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते कळत नव्हतं. वेगाच्या काट्यावर पासष्ट हवे होते, पंच्याऐंशी होते.

“सर,” पलक म्हणाली. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाली, “सर, आपण उंच आहोत. वेगही जास्त आहे. गो-अराउंड?”

तिने ते अगदी त्याने शिकवलं होतं तसं म्हटलं. आधी काय दिसतंय, मग काय करायचं. शंभरपैकी शंभर गुण.

प्रशील म्हणाला, “बघ आणि शीक.”

त्या वेळी त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं, असं पुढे त्याला बऱ्याच जणांनी विचारलं. खरं उत्तर असं की डोक्यात एरंडोलचा टोलनाका होता. शनिवारी तिथे रांग असते.

धावपट्टीचा आरंभ पायाखालून गेला. विमान टेकेना. चाकं जमिनीपासून हातभर वर आणि विमान तसंच तरंगत चाललेलं. धावपट्टीचा मध्य गेला. अजूनही वर जाता आलं असतं. प्रशीलने मनात म्हटलं, आता टेकेल. मग म्हटलं, आता. दोन तृतीयांश पट्टी संपल्यावर चाकं आपटली, उसळली, पुन्हा आपटली. त्याने ब्रेकवर दोन्ही पाय दाबले. टायर किंचाळले. समोरून धावपट्टीचं टोक असं धावत आलं की जणू तेच विमानाकडे यायला निघालंय.

डांबर संपलं. खडी, मग वाळलेलं गवत, मग पावसाचं पाणी काढायला खणलेला चर. पुढचं चाक त्यात गेलं, नाक खाली बसलं, पंखा मातीत घुसला आणि सगळं एकदम शांत झालं.

प्रशीलने सवयीने इंधन बंद केलं, बटणं बंद केली. “लागलं का?”

“नाही सर.” पलकच्या ओठाला रक्त होतं. दात लागला होता. “तुम्हाला?”

“नाही.”

दोघं उतरून बाजूला झाली. विमान शेपूट वर करून, तोंड चरात घालून उभं होतं. पंख्याची दोन्ही पाती वाकून मागे वळली होती. पलीकडे आवाराची भिंत एका ठिकाणी पडलेली होती, आणि त्या खिंडारात एक म्हातारी बाई काठी टेकवून उभी होती. मागे पाच-सहा बकऱ्या. या बाईचं नाव बेबाबाई, हे प्रशीलला नंतर कळलं. बारा वर्षं ती रोज तिथे बकऱ्या चारत होती आणि बारा वर्षं त्याने तिला वरूनच पाहिलं होतं.

तिने विमानाकडे पाहिलं, धावपट्टीकडे पाहिलं, मग प्रशीलकडे. “काय रे भाऊ, तुमना रस्ता तठेच सरना. आठे कसाले उनात?” रस्ता तिथेच संपला, मग इथे कशाला आलात, हा तिचा अहिराणीतला सवाल.

बारा वर्षांच्या अनुभवातून प्रशीलला एकच उत्तर सुचलं. “चुकनू, माय.”

“मन्ह्या बकऱ्या बी भित दखीसन थांबतस,” ती म्हणाली. बकऱ्याही भिंत बघून थांबतात, यात टोमणा नव्हता, माहिती होती. मग तिने पलकला जवळ बोलावलं आणि कमरेची पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. “पानी पे वं माय. ओठ धुई टाक.”

तोवर शाळेची जीप आली. जीपमागे अग्निशमनाची गाडी, तिच्यामागे मोटरसायकलवर गिरधर. त्याने फक्त नोंदवहीत वेळ लिहिली आणि प्रशीलला दाखवून सही घेतली. पाच बावीस. नियमाच्या तीन मिनिटं आधी. विमान वेळेत उतरलं होतं, यात कुणाला शंका नव्हती.

मग पुढचे सोपस्कार झाले. डॉक्टरने नळीत फुंकायला लावलं, दारू नव्हती. प्रशीलला वाटलं, असती तर निदान सांगायला काही कारण तरी झालं असतं. साडेसहाला त्याने घरी फोन लावला. आबांनीच उचलला.

“कुठे पोचलास? एरंडोल?”

“धुळ्यातच आहे, आबा.”

“गाडी बंद पडली का?”

“विमान.”

आबा हळवे झाले की अहिराणीत बोलत. “मानसं? बठ्ठी नीट शेतस ना?”

“हो. पोरीचा ओठ फुटला थोडा.”

“मंग बाकीना बठ्ठा पत्रा शे,” आबा म्हणाले, म्हणजे माणसं सगळी नीट तर बाकी नुसता पत्रा, आणि फोन ठेवला.

विहारात काय झालं ते त्याला रात्री दीपमालाने फोनवर सांगितलं. आठ वाजेपर्यंत वाट पाहून स्वप्नीलने माइकवर ‘कॅप्टन एका तातडीच्या मोहिमेवर आहेत’ असं जाहीर केलं. तेव्हा आबा उठले, माइकपाशी गेले आणि म्हणाले, “मोहीम वगैरे काही नाही. त्याचं विमान रस्ता सोडून खाली गेलंय. चूक कुणाची ते चौकशीत कळेल. तुम्ही पोरं जेवून घ्या.” मग मंडळाने शाल आणि ग्रंथ आबांनाच दिला. वेळेच्या नियोजनावर कुणी बोललं नाही.

“बॅनर कसा दिसत होता?” प्रशीलने विचारलं.

“पट्टी वाकडी चिकटवली होती,” ती म्हणाली. “झोपा आता.”

सकाळी दहापर्यंत त्याला लेखी निवेदन द्यायचं होतं. धुळ्यात आठवडाभर राहायच्या खोलीवर बसून त्याने पहिला कागद लिहिला. ‘अंतिम टप्प्यात वाऱ्याची दिशा व वेग अनपेक्षितपणे बदलल्याने...’ वाक्य वाचायला भारदस्त वाटलं. मुख्य प्रशिक्षकांनी आदल्या संध्याकाळी खांद्यावर हात ठेवून सुचवलंही होतं, “वारा डिसेंबरात फिरतोच.” वारा कुठल्या कोर्टात साक्ष द्यायला येत नाही.

आठ वाजता दारात आबा. पहिल्या एसटीने आले होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात ती शाल. “तुझी आहे. मला कशाला?” म्हणून शाल खुर्चीवर ठेवली आणि टेबलावरचा कागद उचलून चष्मा लावला. प्रशील डबा उघडून भाकरी खायला लागला, म्हणजे वडिलांकडे बघावं लागू नये.

आबांनी वाचून कागद होता तिथे ठेवला. “माझ्याकडे तो बिल्ला आहे ना, विनाअपघात सेवेचा?”

“हो.”

“त्यातलं एक वर्ष खोटं आहे. यावल स्टँडवर शेवटच्या फेरीला गाडी मागे घेताना खांब पाडला. घरी जायची घाई. तू तेव्हा तापाने फणफणला होतास. कंडक्टरने लिहिलं, खांब आधीपासूनच वाकलेला होता.” त्यांनी डब्यातली शेव चिमटीत घेतली. “बिल्ला लावायचो तेव्हा खांबच आठवायचा. शेवटी शेवटी लावणं सोडलं. भरीत तिखट झालंय का?”

“नाही,” प्रशील म्हणाला. भरीत तिखट झालं होतं.

दुसरा कागद लिहायला त्याला दहा मिनिटं लागली. वारा मागून असल्याचं मला सांगण्यात आलं होतं. मी उंच होतो. वेग जास्त होता. विद्यार्थिनीने गो-अराउंडची सूचना केली, ती मी मानली नाही. कारण : मला खासगी कार्यक्रमाला वेळेवर जायचं होतं. ‘खासगी कार्यक्रम’ खोडून त्याने ‘स्वतःचा सत्कार’ असं लिहिलं. लिहून झाल्यावर वाचलं आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. एवढं खरं तो मुलाखतीतही कधी बोलला नव्हता.

शाळेत पोचल्यावर दुसरीच अडचण उभी राहिली. पलकने तिचं निवेदन आधीच दिलं होतं. सुंदर अक्षर, चार ओळी. ‘सरांनी सर्व काही नियमाप्रमाणे केले. अचानक वारा वाढला.’

प्रशीलने तिला बाहेर कडुनिंबाखाली बोलावलं. “हे काय लिहिलंस?”

“सर, तुमची नोकरी...”

“तू गो-अराउंड म्हणाली होतीस की नाही?”

“हळू म्हणाले होते,” पलक म्हणाली. “कदाचित तुम्हाला ऐकू आलं नसेल.”

“मला चांगलं ऐकू आलं होतं. मी उत्तरही दिलं. काय म्हणालो?”

तिला ते म्हणायची लाज वाटत होती. म्हणजे त्याच्या वाटणीची लाज तीच वाहत होती. प्रशीललाच शेवटी म्हणावं लागलं, “बघ आणि शीक म्हणालो. तू शिकलीस काय, तर मास्तर चुकला की त्याच्यासाठी खोटं लिहायचं. जा, कागद बदल. आणि पुढच्या वेळी मी ऐकलं नाही तर ओरड.”

तिने कागद बदलला. पण तोवर धरणगावात वेगळीच बातमी पोचली होती : छाजेडांच्या पोरीने विमान पाडलं. दोन दिवसांनी घरी गेलेल्या पलकचा फोन आला. आजी तिला परत पाठवायला तयार नाही. वडिलांना वाटतं, पोरीचा हात या कामाला बसत नाही.

रविवारी प्रशील धरणगावला गेला. दुकानात ढेपेच्या पोत्यांचा वास दाटला होता. प्रकाशचंद शेठ सज्जन माणूस, त्यांनी लगेच चहा मागवला आणि म्हणाले, “सर, पोरगी सुखरूप आली, आमच्यासाठी तेवढं पुष्कळ. आता दुकान बघेल.” आतल्या पडद्यापाशी सज्जनबाई बसल्या होत्या, पलकच्या आजी. डोक्यावरून पदर, हातात माळ, आणि नजर अशी की समोरच्याने आपोआप पाठ सरळ करावी.

“पलकची काहीच चूक नाही,” प्रशील म्हणाला. “विमान मी चालवत होतो. ती मला सांगत होती की वर चला. मी ऐकलं नाही.”

“तुम्ही किती वर्षं शिकवता?” सज्जनबाईंनी विचारलं.

“बारा.”

“मग बारा वर्षांनी कसे चुकलात?”

“घाई होती.”

“कसली घाई? घरी कुणी आजारी होतं?”

प्रशीलने प्रकाशचंदांकडे पाहिलं. मदत मिळण्याची शक्यता दिसली नाही. “माझा सत्कार होता,” तो म्हणाला.

“कशाचा?”

“चांगला वैमानिक म्हणून.”

सज्जनबाईंची माळ थांबली. आधी त्यांचे खांदे हलले, मग पदर तोंडाशी गेला, मग त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. प्रकाशचंद आईला असं हसताना बहुधा पहिल्यांदाच बघत होते, तेही हसू लागले. प्रशील चहाचा कप धरून बसून राहिला. विनोद त्याचाच असल्यामुळे त्याला काही करण्यासारखं नव्हतं. थोड्या वेळाने तोही हसला.

“आणि सत्कार झाला का?” डोळे पुसत सज्जनबाईंनी विचारलं.

“वडिलांचा झाला.”

“तुम्ही इथवर येऊन हे सांगितलंत,” त्या म्हणाल्या. हसू ओसरलं होतं. “दुसरा असता तर पोरीवर ढकलून मोकळा झाला असता. आम्हाला कुठे कळलं असतं?” मग मुलाकडे वळून त्या मारवाडीत काहीतरी दोन वाक्यं बोलल्या. प्रकाशचंदांनी मान डोलावली. सोमवारी पलक धुळ्याला परत आली.

प्रशीलचा परवाना तीन महिन्यांसाठी थांबवला गेला. शाळेने त्याला वर्गातला फळा तेवढा ठेवला. पहिल्या दिवशी गो-अराउंडचा तास आला तेव्हा वर्गातली सगळी पोरं वह्यांत डोकं घालून बसली. त्याने लाल खडू घेतला, धावपट्टी काढली आणि टोकाच्या पुढे एक चर काढला. “हा चर पुस्तकात नाही,” तो म्हणाला. “मी शोधलाय.” मग सगळं सांगितलं, वेलांटीसकट. त्या तासाला एकही पोरगं झोपलं नाही, हे त्याने थोडं खट्टू होऊनच नोंदवलं.

सुट्टीच्या दिवशी तो पिंप्राळ्याला असे. गल्लीत आता त्याला ‘कॅप्टन’ कमी लोक म्हणत. रिक्षावाला म्हणे, “सर, ब्रेक दाबून बघा हो, लागतात का.” प्रशील खरोखर दाबून बघे. कुणी विचारलं तर तो आता सरळ सांगे की दुबईला वगैरे जात नाही, चार आसनांचं विमान आहे, तेही सध्या दुरुस्तीला गेलंय. त्यामुळे त्याची पत गेली असं काही झालं नाही. उलट समोरच्या घरची पुनम, बारावीची, एक दिवस दारात येऊन म्हणाली, “मग ते शिकायला काय लागतं?” आधी कधी कुणी हे विचारलं नव्हतं. दुबईच्या विमानाला कोण काय विचारणार?

मार्च सरता सरता त्याची फेरपरीक्षा ठरली. परीक्षक योगेंद्र रणदिवे नागपूरहून आले. साठीचे, जाड भिंगांचे, कमी बोलणारे. आल्या आल्या म्हणाले, “मला साडेचारची गाडी आहे जळगावहून. दोनपर्यंत आटपू.”

देवदेवस्की प्रशील मानत नव्हता, पण कुणीतरी हे मुद्दाम करतंय असं त्याला क्षणभर वाटून गेलं.

दुपारचं ऊन, तापलेल्या जमिनीवरून हवा उसळत होती. सगळे प्रकार करून दाखवून झाले आणि विमान उतरायला वळलं तेव्हा दोन वाजायला आले होते. या वेळी वारा समोरून होता. वेग बरोबर, उंची बरोबर. मग धावपट्टी जवळ आल्यावर खालून हवेचा एक हिसका बसला आणि विमान उचललं गेलं. फार नाही. सावरून टेकवता आलं असतं. त्याचं त्यालाच कळत होतं की टेकवता येईल.

त्याने इंजिनाला जोर दिला आणि वर गेला.

योगेंद्रांनी घड्याळ पाहिलं.

दुसऱ्या खेपेला वारा आडवा फिरला. प्रशील पुन्हा वर गेला. रेडिओवर गिरधर म्हणाला, “काही अडचण, सर?” “नाही, फिरतोय,” प्रशील म्हणाला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. तिसऱ्या फेरीला त्याने चाकं टेकवली, पट्टीच्या पहिल्या तृतीयांशातच, आणि विमान अर्ध्या पट्टीत थांबलं.

विमान जागेवर नेऊन पंखा थांबवला. योगेंद्र पट्टा सोडत म्हणाले, “पहिली खेप वाचवता आली असती.”

“आली असती, सर.”

“मग?”

“अशीच एक मी डिसेंबरात वाचवायला गेलो होतो.”

योगेंद्रांनी जाड भिंगांमधून त्याच्याकडे पाहिलं, फॉर्म मांडीवर घेतला आणि सही केली. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, “आता मला जळगावला सोडा. गाडी मिळते का बघू.”

प्रशीलने मोटार काढली. एरंडोलच्या टोलनाक्यावर चांगलीच रांग होती. योगेंद्र पुढे झुकून म्हणाले, “डावीकडून काढता येईल का?”

“येईल,” प्रशील म्हणाला, आणि रांगेतच उभा राहिला.

गाडी पाच मिनिटांनी चुकली. पुढची रात्री होती. म्हणून परीक्षकसाहेब पिंप्राळ्याला आले, दीपमालाने पिठलं-भाकरी केली, आणि आबांनी त्यांना यावलच्या रस्त्यावरच्या तीस वर्षांपूर्वीच्या एका वळणाबद्दल असं काही रंगवून सांगायला सुरुवात केली की प्रशीलला दोनदा घड्याळाकडे बोट दाखवावं लागलं.